चप्पल खरंच चावते का?

आषाढी जवळ आली की भाच्याचा फोन ठरलेला. "मामा, वारीला कुठले बूट घेऊ?" मी उलट विचारतो, "मोजे कुठले आहेत?"

नवी चप्पल चावते, म्हणजे ती घासते, कातडी झिजते आणि फोड येतो, अशी आपली समजूत. पण कातडी झिजली तर साल निघतं. फोडाची गोष्ट वेगळी आहे. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर उजवं बोट दाबून धरा आणि न घसरू देता मागेपुढे हलवा. घासलं काहीच नाही, तरी बोटाखालची कातडी ताणली जाते. चालताना तळव्याला हेच होतं. कातडी मोज्याला चिकटलेली, मोजा बुटाला, आणि आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला थोडं पुढे सरकतं. ओढाताण होते ती मधल्या थरांची. पोळ्यांच्या चवडीतली खालची पोळी धरून वरची ढकलली तर मधल्या जशा सरकतात, तशी. हे कर्तन बल. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या वर, म्हणजे एकेका पायाची वीसेक हजार पावलं! शेवटी बाह्यत्वचेतला सजीव पेशींचा एक थर, स्ट्रॅटम स्पायनोसम, आतल्या आत फाटतो आणि तासा-दोन तासांत त्या फटीत द्रव भरतो. वरचा मृत पेशींचा थर जाड आणि चिवट असेल तरच हे छप्पर टिकतं. म्हणून असे फोड मुख्यतः तळहात-तळपायांवर येतात. पातळ कातडी सरळ सोलवटते.

घामाने दमट झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते, म्हणून माझा प्रश्न मोज्यांचा. एकावर एक दोन मोजे घातले तर सरकणं त्या दोघांमध्येच होतं आणि कातडी सुटते. साधी कागदी चिकटपट्टीही चालते. 250 किलोमीटरच्या, म्हणजे जवळपास आळंदी-पंढरपूर इतक्याच, धावस्पर्धेत अमेरिकी डॉक्टरांनी ती धावपटूंच्या पायांवर लावून पाहिली. 2016 साली आलेल्या निष्कर्षांत फोड सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले होते. चुंबकवाल्या इनसोलवर मात्र पैसे घालवू नका. टाचदुखीसाठी त्यांची चाचणी झाली, 2003 मध्ये निकाल आला, आणि चुंबक नसलेल्या नकली इनसोलनेही तितकाच आराम पडल्याचं दिसलं.

फोडात सुईने दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आहे. पाणी झिरपून जातं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून जंतू आत जातात. छप्पर शाबूत ठेवून झाकावं हे बरं. मधुमेह असेल तर सुईला हातच लावू नये.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "ते ठीक आहे मामा, पण आठ नंबर घेऊ की नऊ?"

संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. वारीतलेच मोजे घाल आणि दुकानाच्या जिन्यावरून उतरून बघ. आठ नंबरात अंगठा पुढे आदळला तर नऊ घे.