पार्श्वभूमी : शाळेतले ‘पीटीचे सर’ घडतात कसे?

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. ही पदवी लागते; तिच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, लेखी पेपरबरोबर मैदानावरची चाचणीही द्यावी लागते. गणित शिकवायला निघालेल्या उमेदवाराला कुणी ‘जरा पळून दाखवा’ म्हणत नाही. ही रीत कुठून आली ते पाहायचं तर पुण्यात तालमींपासून सुरुवात करावी लागते.

तालमीत वस्ताद असे, पदवी नसे. खालकर तालीम, चिंचेची तालीम ही नावं आज पेठांत पत्ता सांगायला जास्त उपयोगी पडतात, पण जोर-बैठका, कुस्ती, मल्लखांब शिकवायची व्यवस्था तिथेच होती. वस्तादापुढचा पठ्ठ्या मात्र स्वतःच्या हौसेनं आलेला असे. शाळेत साठ मुलं, त्यातली निम्मी पोट दुखतंय म्हणणारी, आणि हातात एकच तास. शाळांनी यावर काढलेला जुना तोडगा म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेला माणूस ड्रिल मास्तर म्हणून नेमणं. ‘सावधान-विश्राम’चा दरारा त्याचाच. मूल कसं वाढतं, कुणाला काय झेपतं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

शिक्षक म्हणून रीतसर तयारी करून घेणारं देशातलं पहिलं महाविद्यालय १९२० साली मद्रासला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेनं काढलं. हॅरी क्रो बक हे त्याचे संस्थापक. आपल्याकडे अमरावतीत वैद्य बंधूंचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून होतं. पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ चा, तर कॅप्टन शिवरामपंत दामले यांचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. १९३८ मध्ये सरकारनं कांदिवलीला प्रशिक्षण संस्था सुरू केली आणि जुन्या पिढीतले क्रीडाशिक्षक ‘मी कांदिवलीचा’ असं मोठ्या तोऱ्यात सांगू लागले. तो तोरा अगदीच पोकळ नव्हता. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघालं, तेव्हा पहिले प्राचार्य म्हणून गेलेले पी. एम. जोसेफ कांदिवलीचेच.

पुण्यात महाराष्ट्रीय मंडळानं १९७७ मध्ये गुलटेकडीला चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय उभं केलं. व्यायामशाळा चालवणाऱ्या संस्थेनंच शिक्षक घडवायला घ्यावेत, हे मला या शहराच्या स्वभावाला धरून वाटतं.

या अभ्यासक्रमात शिकायचं काय, असं अजूनही विचारलं जातं. मैदान आखणं हे एकच उदाहरण घ्या. मेख, सुतळी, टेप आणि फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) घेऊन छात्राध्यापक, म्हणजे हे शिकाऊ शिक्षक, धावपट्टी आखतात. १.२२ मीटर रुंदीच्या लेनमध्ये पूर्ण एक फेरी पळायची असेल, तर दुसऱ्या लेनमधला धावपटू ७.०४ मीटर पुढे उभा करावा लागतो. गंमत अशी की ट्रॅक चारशेचा असो की शाळेच्या मैदानात कसाबसा बसवलेला दोनशेचा, हा आकडा तोच राहतो, कारण तो लेनच्या रुंदीवर ठरतो, वळणाच्या त्रिज्येवर नाही. हे ज्याला उमगलं नाही, त्याच्या स्पर्धेत पालक हमखास भांडतात. शिवाय शरीररचना, प्रथमोपचार, टाचणवही (पाठाच्या तयारीची वही) आणि सराव पाठ आहेतच.

‘आरोग्य’ या विषयाच्या वाट्याला मात्र नेहमीच उरलासुरला वेळ आला. खरं तर हा धागाही इथलाच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, आणि पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या धोरणातही त्यांचा सहभाग होता. शाळेच्या वेळापत्रकात विषयाचं नाव ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ आहे, पण आहार, मासिक पाळी किंवा व्यसन यांवरचा तास पावसामुळे मैदान बंद असेल तेव्हाच होतो, आणि तोही पुष्कळदा बुद्धिबळाच्या पटावर संपतो.

शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीई या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनं पदवीनंतरचं हे प्रशिक्षण एका वर्षाचं दोन वर्षांचं केलं. छात्रसेवाकाळ (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ) वाढला, चार सत्रं आली, खर्चही वाढला. त्याच्या पाच वर्षं आधी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाची जी तरतूद झाली ती अशी : पटसंख्या शंभरच्या वर असेल तर अंशकालीन निदेशक. प्रशिक्षण दुप्पट आणि नोकरी अर्धी, असा हा हिशेब आहे. सीईटीचा फॉर्म भरायला आलेली मुलं आधी भरतीचं काय ते विचारतात, आणि ते चूक म्हणता येत नाही.