पुरळ जाते, लघवी तपासायची राहते: मुलांच्या रक्तवाहिनीदाहाची पार्श्वभूमी

पायांवर आणि नितंबांवर उठलेले जांभळट पुरळ, सुजलेले घोटे आणि पोटात येणारी कळ, अशी लक्षणे असलेल्या मुलाचे निदान करताना सोलापुरातील डॉक्टर आजही बहुधा ‘एचएसपी’ (हेनोख-शोनलाइन पर्प्युरा) हेच जुने नाव वापरतात. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा हा आजार बहुतेक मुलांत काही आठवड्यांत ओसरतो. धोका असतो तो मूत्रपिंडाला, आणि तोच सर्वांत उशिरा ओळखला गेला.

वास्तविक इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांत पाच वर्षांच्या एका मुलाची पुरळ, पोटदुखी आणि रक्तमिश्रित लघवी या तिन्हींची नोंद आहे. पुढे मात्र १८३७ मध्ये जर्मन डॉक्टर योहान शोनलाइन यांनी पुरळ आणि सांधेदुखी यांची सांगड घातली, त्यांचे शिष्य एडुआर्ड हेनोख यांनी १८७४ मध्ये आतड्यांचा त्रास त्यात जोडला आणि मूत्रपिंडाचा सहभाग त्यांनी नोंदवला तो थेट १८९९ मध्ये. त्याचे कारण उलगडायला आणखी सत्तर वर्षे गेली: फ्रेंच मूत्रपिंडतज्ज्ञ जाँ बर्जे यांनी १९६८-६९ मध्ये मूत्रपिंडाच्या गाळण्यांमध्ये ‘आयजीए’ या प्रतिपिंडाचे थर दाखवले, आणि २०१२ मध्ये आजाराचे नावच ‘आयजीए व्हॅस्क्युलायटिस’ (आयजीए रक्तवाहिनीदाह) झाले.

सुमारे एकतृतीयांश ते निम्म्या मुलांच्या लघवीत रक्त किंवा प्रथिने आढळतात, बहुतेकदा पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आणि जवळजवळ नेहमीच सहा महिन्यांच्या आत. बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात, पण थोड्यांचे मूत्रपिंड कायमचे दुखावते. सुरुवातीलाच स्टिरॉइड दिल्याने हे टळेल ही आशा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत फोल ठरली. त्यामुळे सहा महिने लघवी आणि रक्तदाब तपासत राहणे अटळ आहे.

पुरळ मावळले, मूल खेळू लागले, की अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून पुन्हा ‘सिव्हिल’ला येणे म्हणजे यंत्रमागावरच्या किंवा विड्या वळणाऱ्या पालकांचा दिवसाचा रोजगार बुडणे, त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. पट्टीने लघवी तपासणे आणि रक्तदाब मोजणे गावाजवळच्या आरोग्य केंद्रातही होऊ शकते, म्हणून घरी सोडतानाच पुढील तपासण्यांच्या तारखा कार्डावर लिहून द्याव्यात. लघवीतून प्रथिने जातच राहिली किंवा रक्तदाब चढला, तर मात्र मूत्रपिंडतज्ज्ञांकडे तातडीने पाठवावे, कारण बायोप्सी केव्हा करायची आणि कोणते औषध द्यायचे हे त्यांनीच ठरवायचे असते.