सेकंड (क्रमवाचक शब्द)

सेकंड : ‘पहिल्यानंतर लगेच येणारा’ या अर्थाचे इंग्रजी क्रमवाचक विशेषण. मराठीत याची दोन रूपे रुळली आहेत. काळाच्या एककासाठी ‘सेकंद’, तर क्रम, पाळी किंवा मालाची प्रत सांगण्यासाठी ‘सेकंड’.

मूळ लॅटिन ‘सेकुंदुस’, म्हणजे मागोमाग येणारा. धातू ‘सेक्वी’, अनुसरणे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत साधारणतः इ.स. १३०० च्या सुमारास आला असावा. फर्स्ट, थर्ड, फोर्थ हे इंग्रजीचे घरचे शब्द. खालच्या क्रमांकांत उसना तेवढा हाच. जुन्या इंग्रजीत हे काम आजच्या ‘अदर’चा पूर्वज करीत असे. त्याचे अर्थ दोन होते, ‘दुसऱ्या क्रमांकाचा’ आणि ‘निराळा’. हा घोटाळा टाळण्याची गरज हे उसनवारीचे एक कारण मानले जाते आणि ते पटण्याजोगे आहे. ‘एव्हरी अदर डे’, म्हणजे एक दिवसाआड, या प्रयोगात जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

मराठी ‘दुसरा’ नेमका याच जागी उभा आहे. ‘दुसरा माणूस आला’ म्हणजे क्रमाने दुसरा की वेगळाच कोणी, हे संदर्भावरूनच कळते. ‘दुसरा’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जुन्या तौलनिक व्याकरणकारांनी ‘द्वि’ आणि ‘सृत’ (सरलेला) यांची जोड सुचविली. ‘तिसरा’लाही ती लागू पडते, म्हणून तीच बरी वाटते. संस्कृत ‘द्वितीया’ची सरळ वंशज मात्र ‘बीज’ होय. भाऊबीज, तुकारामबीज यांत ती टिकून आहे.

इंग्रजीच्या आधी मराठीने याच अर्थाचा शब्द फार्सीतूनही घेतला होता : दुय्यम. जमिनीची प्रत सांगताना अव्वल, दूम, सीम असा क्रम लावीत. पुढे ‘दुय्यम’चा अर्थ ‘हाताखालचा, कमी महत्त्वाचा’ याकडे झुकला. ‘दुय्यम निबंधक’ या पदनामात तो आजही रोजच्या व्यवहारात आहे.

‘सेकंद’मधील ‘द’ विचार करायला लावतो. पोर्तुगीज ‘सेगुंदो’शी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तसे असते तर ‘ग’ उरावयास हवा होता. ‘ऑर्डर्ली’चे ‘अर्दली’ झाले तसे हे कानावरून घडलेले रूप असावे, आणि हाच पक्ष अधिक संभवनीय दिसतो. अर्थाचा उगम मात्र स्पष्ट आहे. तासाचा किंवा अंशाचा साठावा भाग हा पहिला सूक्ष्म भाग, म्हणजे मिनिट. त्याचे पुन्हा साठ भाग केले की दुसरा सूक्ष्म भाग, तो सेकंद. कोनमापनात आपल्याकडे अंश, कला, विकला अशीच उतरंड आहे. पंचांगातले पळ मात्र २४ सेकंदांचे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ अणूच्या विशिष्ट प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवरून केली जाते.

सातारा-सांगली भागात ‘सेकंड’ला लिंग-वचनाचा विकार होत नाही, मुलगा सेकंड, मुलगीही सेकंडच. ‘पोरगी सेकंड आली’ म्हटले की निकालाखेरीज दुसरा अर्थ निघत नाही. इंग्रजीने ज्या अडचणीतून हा शब्द उसना घेतला, ती अडचण मराठीतही त्यानेच सोडवावी, हे विलक्षण आहे. किर्लोस्करवाडीसारख्या (स्थापना १९१०) कारखानी वस्त्यांत ‘या आठवड्यात सेकंडला आहे’ एवढ्यावर दुपारची पाळी समजते. खंबाटकीच्या चढाला ‘सेकंड टाक’, विट्याच्या मागांवर ‘सेकंडचा माल’, ट्रॅक्टर ‘सेकंडमध्ये घेतला’ हे प्रयोगही सर्रास चालतात. कुस्तीच्या मैदानात मात्र ‘दोन नंबरची कुस्ती’ असेच म्हणतात. गावच्या सोसायटीच्या ठरावाखाली ‘सूचक’ आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘अनुमोदक’ असे लिहून सह्या घेतात. इंग्रजी सभेत या दुसऱ्या सहीलाही ‘सेकंड’ करणे म्हणतात. मागोमाग येणारा, हा लॅटिन अर्थ तिथे उघड दिसतो.

राजांच्या नावाला क्रम जोडण्याची आजची रीत बहुधा इंग्रजी इतिहासलेखनातून आली असावी. साताऱ्याचे रामराजे (कारकीर्द १७४९–७७) हे ‘राजाराम दुसरे’ ठरतात. वारणेचा तह (१७३१) साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यात झाला. या संभाजींना ‘दुसरे’ म्हणतात ते शिवाजी महाराजांच्या पुत्रापासून मोजून; कोल्हापूरच्या गादीवर ते या नावाचे पहिलेच होते.