कार्बन डेटिंगमध्ये ॲक्सिलरेटर आला कुठून?

बातमीत "कार्बन डेटिंग केलं" एवढंच येतं, पण त्यामागे न्यूक्लिअर फिजिक्सवाल्यांनी जे केलंय ते कुणी सांगतच नाही.

मूळ पद्धत विलर्ड लिबीची, शिकागोची, १९४९ ची, त्यावर १९६० ला नोबेलही मिळालं. त्यात सी-१४ चा (म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जीव मेला की तो हळूहळू कमी होत जातो आणि त्यावरून वय कळतं) अणू फुटायची वाट बघत बसायचं. आता बघा, एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये सी-१४ चे जवळपास ६ हजार कोटी अणू असतात आणि मिनिटाला फुटतात जेमतेम १४! म्हणून काही ग्रॅम कार्बन लागायचा. आपल्या नेवासा, चांडोलीच्या उत्खननातले नमुने मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) असेच मोजले गेले.

मग फुटायची वाट कशाला, सरळ अणूच मोजू ना? अडचण नायट्रोजनची, त्याचं वजन जवळजवळ तेवढंच आणि तो सगळीकडे. इथे रॉचेस्टर युनिव्हर्सिटीचे फिजिक्सचे प्रोफेसर हॅरी गोव्ह, टोरांटोचे टेड लिदरलँड आणि केन पर्सर यांनी १९७७ ला जे केलं ते मला अफाट वाटतं. टँडेम ॲक्सिलरेटरला (आयनांना दोन टप्प्यांत प्रचंड वेग देणारं मशीन) सुरुवातीला निगेटिव्ह आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असलेले अणू, द्यावे लागतात, आणि नायट्रोजनचा निगेटिव्ह आयन टिकतच नाही, म्हणजे तो दारातच गळतो. राहिले १४ वजनाचेच कार्बन-हायड्रोजनचे रेणू, ते मशीनच्या मधोमध इतके इलेक्ट्रॉन गमावतात की तुटूनच जातात. पहिल्या चाचणीत एकीकडे बार्बेक्यूचा साधा कोळसा आणि दुसरीकडे ग्रॅफाइट (इतका जुना कार्बन की त्यातला सी-१४ कधीच संपलेला), कोळशात सी-१४ स्पष्ट दिसला, ग्रॅफाइटमध्ये जवळपास नाहीच. त्याच वर्षी कॅनडातल्या मॅकमास्टरच्या टीमनेही हेच दाखवलं, आणि बर्कलीत रिचर्ड म्युलर सायक्लोट्रॉन (दुसऱ्या प्रकारचा ॲक्सिलरेटर) घेऊन याच मागे होते.

जगाला हे कळलं ते १९८८ ला, ट्युरिनच्या कफनामुळे, म्हणजे येशूचं कफन मानल्या जाणाऱ्या कापडामुळे. कापडाचा छोटासा तुकडा पुरला, काळ निघाला इ.स. १२६० ते १३९०. गोव्हनी यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता पण काम मिळालं ॲरिझोना, ऑक्सफर्ड आणि झुरिकला, रॉचेस्टरला नाही, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं. ॲरिझोनात मोजणी झाली तेव्हा ते तिथे हजर मात्र होते.

आता तर तेवढ्या अवाढव्य मशीनचीही गरज नाही, दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये सी-१४ साठी ५०० किलोव्होल्टचं मशीन आहे आणि साधारण एक मिलिग्रॅम कार्बनवर काम भागतं.