आधी क्रॉसिंग, मग रूळ

मॉडेल रेल्वे करायला घेतली की प्लायवूडवर पहिला आकार उमटतो तो लंबगोल. गाडी फिरते, बोगद्यात शिरते, बाहेर पडते, पुन्हा शिरते. थोड्याच वेळात मुलंसुद्धा कंटाळतात. डबे कमी पडले किंवा झाडं खोटी दिसतात म्हणून नव्हे. त्या गाडीला कुठे जायचं नसतं आणि वाटेत तिला कोणी आडवं येत नसतं. खऱ्या रेल्वेचं निम्मं शास्त्र ‘समोरून येणाऱ्या गाडीचं काय करायचं’ या एका प्रश्नातून उभं राहिलं आहे. लेआउटचा कागद पुढे ओढण्याआधी हा प्रश्न नीट समजून घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आणि त्यासाठी कोकण रेल्वेइतका चांगला धडा आपल्याकडे दुसरा नाही.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकीचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. जाणारी आणि येणारी गाडी एकाच रुळावर, एकमेकींना ओलांडायची, म्हणजे क्रॉसिंगची, सोय फक्त स्टेशनात. गणपतीला गावी जाताना गाडी स्टेशनाच्या अलीकडेच उभी राहते, वळणावरून पुढचं स्टेशन दिसत असतं, एक लाइन चक्क रिकामी असते, आणि डब्यात कोणीतरी म्हणतंच, “लाइन मोकळी आहे, मग आत का घेत नाहीत? मास्तर झोपलाय वाटतं!”

मास्तर जागा असतो. तो ब्रेकचा हिशोब पाळत असतो.

पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी विरोधाने फिरतं, म्हणून तर एक इंजिन हजारो टन ओढू शकतं. पण त्याच गुळगुळीत संपर्कामुळे ब्रेक लावल्यावर चाकाला रूळ घट्ट धरता येत नाही. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटरने उतरतो असं धरा. शाळेतलं सूत्र वापरा: वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. उत्तर येतं पावणेआठशे मीटरच्या घरात. डोळ्यांना अडथळा दिसल्यावर थांबायचं म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. म्हणून सिग्नल आधीच सांगतो, आणि सिग्नलच्या पलीकडेही थोडा रूळ राखून ठेवलेला असतो.

तो राखीव रूळ हाच क्रॉसिंगचा गाभा. एकेरी मार्ग स्टेशनात शिरताना सांध्यावर, म्हणजे गाडीची वाट बदलणाऱ्या हलत्या रुळांवर, फुटतो, सरळ मेन लाइन आणि बाजूची लूप लाइन होते, आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा एक होतो. आत येण्याची परवानगी देणारा तो होम सिग्नल. बाहेर पडण्याची परवानगी देणारा तो स्टार्टर. लूपमध्ये आलेल्या गाडीने लाल स्टार्टरच्या अलीकडे थांबायचं. पण ती थांबेलच, हे गृहीत धरायचं नाही. रंगीत दिव्यांच्या सिग्नलपद्धतीत नियम असा आहे की होम द्यायचा तर स्टार्टरच्या पुढेही १२० मीटर रूळ मोकळा हवा. जुन्या हाताच्या सिग्नलांना हे अंतर १८० मीटर होतं. आता लूपच्या स्टार्टरपुढचे १२० मीटर कुठे पडतात ते बघा. ते सांध्यावरून थेट एकेरी मार्गावर जातात, म्हणजे समोरची गाडी जिथून आत येणार त्याच जागेवर! एकच रूळ दोन गाड्यांसाठी एकाच वेळी राखून ठेवता येत नाही. म्हणून पहिली गाडी आधी लूपमध्ये येऊन पूर्ण थांबते, मग पलीकडचा सांधा मेन लाइनला फिरतो, कुलूपबंद होतो, आणि त्यानंतरच दुसरीला होम मिळतो. लूपच्या सांध्यावरून साधारणपणे ताशी ३० किलोमीटरनेच जायचं, त्यामुळे ६०० मीटर लांबीची गाडी नुसती सांध्यापार व्हायला सव्वा मिनिट घेते. बाहेर ताटकळलेल्या प्रवाशाला रिकामी दिसणारी लाइन प्रत्यक्षात रिकामी नसते.

यावर एक फार सुंदर तोडगा आहे: सँड हम्प. लूपच्या टोकाला मार्ग थोडा पुढे सरळ नेऊन चढावर घेतात आणि त्याचे रूळ वाळूत पुरतात. थांबता न आलेली गाडी एकेरी मार्गावर न जाता या वाळूत घुसते, चाकं वाळू नांगरत जातात आणि गाडीची गतिज ऊर्जा तिथेच जिरते. १२० मीटरचं काम वाळू करत असल्याने दोन्ही गाड्यांना एकाच वेळी आत घेता येतं.

दोन स्टेशनांच्या मधल्या सेक्शनचं काय? तिथे एका वेळी एकच गाडी. भारतात हे काम वर्षानुवर्षं नील्स बॉल टोकन यंत्राने केलं. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्ही विजेने जोडलेली, आत पोलादी गोळे. मुठीला तीन जागा: लाइन बंद, गाडी येत आहे, गाडी जात आहे. पलीकडच्या मास्तरने संमती दिल्याशिवाय इकडचा गोळा सुटत नाही. एक गोळा सुटला की दोन्हीकडून दुसरा निघत नाही, आणि तो कुठल्यातरी यंत्रात परत पडेपर्यंत मूठ ‘लाइन बंद’वर येत नाही. शेजारच्या सेक्शनचा गोळा चुकून टाकावा, तर खाचा जुळत नाहीत. आज बऱ्याच ठिकाणी गोळ्यांची जागा चाकांच्या जोड्या मोजणाऱ्या अ‍ॅक्सल काउंटरने घेतली आहे, पण तर्क तोच आहे. मार्च २०२२ मध्ये सिकंदराबादजवळ ‘कवच’ या टक्कर टाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेची चाचणी झाली. ‘कवच’ आवश्यकच आहे, पण आता कुठे विज्ञान रेल्वेत आलं अशा थाटात तिच्या बातम्या दिल्या गेल्या, त्या मला खटकल्या. नव्या इंजिनाच्या चाकाखाली लिंबं ठेवण्याबद्दलही स्पष्टच बोलतो: समोरासमोरची टक्कर इतकी वर्षं टळत आली ती त्या कुलपांमुळे आणि नियम पाळणाऱ्या माणसांमुळे. लिंबांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

एका सेक्शनमध्ये एकच गाडी म्हटल्यावर दिवसभरात किती गाड्या जातील? यासाठी स्कॉटचं सूत्र वापरतात. दिवसाची १४४० मिनिटं घ्या. सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या सेक्शनचा धाववेळ अधिक सिग्नल-टोकनच्या कामाचा वेळ यांनी भागा, आणि ०.७ ने गुणा. धाववेळ १५ मिनिटं, कामाला ५ मिनिटं, तर दोन्ही दिशांच्या मिळून ५० गाड्या. धाववेळ २० झाला की ४०. एका सेक्शनमध्ये पाच मिनिटं वाढली आणि अख्ख्या मार्गाच्या दहा गाड्या गेल्या! कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेग उतरवतात तेव्हा वेगळं वेळापत्रक का लागतं, याचं एक मोठं उत्तर इथे आहे.

आता प्लायवूडकडे या. एचओ मापात सगळं ८७ पट लहान. आपल्याकडच्या लूपची प्रमाण लांबी ६८६ मीटर, म्हणजे एचओमध्ये ७.९ मीटर. कोकण रेल्वेची सगळ्यात तीव्र वळणं १,२५० मीटर त्रिज्येची, म्हणजे १४ मीटर. फ्लॅटच्या खोलीत दोन्ही अशक्य. मीटर खुशाल कापा, नियम कापू नका. इंजिन आणि आयसीएफचे (चेन्नईच्या कारखान्याच्या बनावटीचे) पाच डबे एचओमध्ये दीड मीटर होतात. तेवढीच तुमची सगळ्यात लांब गाडी, आणि लूप तिच्याहून थोडा मोठा. क्रॉसिंगला दोन्ही गाड्या लूपमध्ये मावायची गरज नसते, एक मावली तरी भागतं. दोन्ही लांब निघाल्या तर ते स्टेशन क्रॉसिंगच्या कामाचं नाही.

लूपची लांबी मोजायची फाउलिंग मार्कपासून फाउलिंग मार्कपर्यंत. शेजारच्या दोन लाइनींच्या मध्यरेषांमधलं अंतर जिथे ४.२६५ मीटरपेक्षा कमी व्हायला लागतं तिथे हा खुणेचा दगड असतो. एचओमध्ये हे अंतर ५ सेंटीमीटरला थोडं कमी. पण तुमचा सांधा वळणावर असेल तर एवढं पुरणार नाही. वळणावर डब्याचा मधला भाग आत झुकतो, आणि किती झुकतो ते बोगींमधल्या (डब्याखालच्या दोन चाकगाड्यांच्या मध्यांमधल्या) अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट इतकं असतं. आयसीएफ डबा १,२५० मीटरच्या वळणावर जेमतेम २ सेंटीमीटर आत येतो. त्याचंच मॉडेल ४४ सेंटीमीटरच्या वळणावर ८ मिलिमीटर आत येतं, म्हणजे खऱ्या मापात ७० सेंटीमीटर. लाइनींमधलं अंतर तेवढं वाढेपर्यंत खूण मागे सरकवा, नाहीतर उभ्या गाडीचे डबे घासतील.

मग भिंतीकडेने तीन स्टेशनं मांडा. त्यांची जागा अंतराने ठरवू नका, घड्याळ लावून ठरवा, म्हणजे दोन्ही सेक्शनना सारखाच वेळ लागेल. प्रत्येक स्टेशनाला एक मास्तर आणि प्रत्येक सेक्शनला एकच छर्रा द्या. छर्रा हातात नसेल तर गाडी सुटणार नाही. स्टार्टरपुढचे १२० मीटर एचओमध्ये १.४ मीटर खातात, आणि एवढी जागा घरात परवडत नाही. म्हणून मधल्या स्टेशनात लूपच्या दोन्ही टोकांना बोटभर लांबीचे सँड हम्प करा, कारण दोन्ही बाजूंच्या गाड्या तिथेच एकाच वेळी येऊन भेटतात.