वीस-तेवीस वर्षांची बर्बन: चाखण्याआधी आणि पैसे मोजण्याआधी

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या आमच्या टेस्टिंगला नाव नोंदवणारे बहुतेक जण पहिल्याच फोनवर पॅपी व्हॅन विंकल या दुर्मीळ, महागड्या बर्बनबद्दल विचारतात, “‘पॅपी’ प्यायला मिळेल ना?” मिळेल. परवाना असलेल्या बारमध्ये, माणशी १५ मिलिलिटर. मात्र तिच्यासोबत दोन स्वस्त बाटल्याही चाखाव्या लागतील. नुसती महागडी चाखली, तर आपण चव पितोय की किंमत, हे कळत नाही.

वय वाढतं तेव्हा पिंपात काय होतं

बर्बनला दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. तसा कायदाच आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. स्कॉटलंडमध्ये बहुतेक जुनी, वापरलेली पिंपं असतात आणि हवा थंड असते. त्यामुळे तिथली २५ वर्षांची व्हिस्की सहसा लाकडाखाली दबत नाही. केंटकीत उन्हाळा कडक आणि लाकूड कोरं. ८ ते १२ वर्षांत व्हॅनिला, कॅरमेल, खोबऱ्यासारखा वास असं लाकडाकडून हवं ते बहुतेक मिळून जातं. पुढे तुरटपणा चढत जातो. गोदामाच्या वरच्या, तापणाऱ्या मजल्यावर तो लवकर चढतो, म्हणून फार वर्षं ठेवायची पिंपं सहसा खालच्या, थंड मजल्यांवर असतात.

शिवाय पिंप रिकामं होत जातं. साधारण २०० लिटरच्या पिंपातून पहिल्या वर्षी १० टक्के आणि नंतर दर वर्षी ४ टक्के गेलं असं धरलं, तर २३ वर्षांनी ७३ लिटरच्या आसपास उरतं. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या शंभरेक बाटल्या. टंचाई खरी आहे ती इथे.

पॅपी व्हॅन विंकलच्या १५, २० आणि २३ वर्षांच्या बाटल्या येतात. तिन्हींत मक्याच्या जोडीला राय या धान्याऐवजी गहू असतो, त्यामुळे तिखटपणा कमी. आमचं मत विचाराल तर १५ वर्षांची सगळ्यांत सरस. तिचं अल्कोहोल ५३.५ टक्के, त्यामुळे लाकडाला तोंड देईल एवढा दम तिच्यात असतो. २३ वर्षांची ४७.८ टक्क्यांची. तिच्यात ओक पुढे येतो आणि शेवटी कोऱ्या, जास्त उकळलेल्या चहासारखी जीभ आकसते. ते आवडणारेही आहेत. पण सर्वांत महाग म्हणून सर्वांत चविष्ट, हे गणित इथे चालत नाही.

चाखायचं कसं

ग्लास ट्युलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता. बर्फ नको. ओतल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. नाक थेट ग्लासात घातलं की अल्कोहोल झोंबतं आणि पुढची काही मिनिटं नाक कामातून जातं. पहिला घोट फक्त तोंड सरावण्यासाठी; त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट जिभेवर दहा सेकंद फिरवा. गिळल्यावर चव किती वेळ टिकते आणि गोडावर संपते की तुरटावर, ते बघा.

१५ मिलिलिटरला पाणी दोन-तीन थेंबच घाला, तेही ड्रॉपरने. ५० टक्क्यांवरच्या बर्बनला त्याने वास सुटतो. ४५ टक्क्यांच्या आसपासची मात्र लगेच पातळ लागू शकते, म्हणून आधी निम्मी तशीच संपवा.

तीन ग्लासांना खालून खुणा करून आम्ही ते डोळ्यांआड भरतो: मेकर्स मार्क, वेलर १२ आणि पॅपी. तिन्ही रायऐवजी गहू घातलेल्या. वेलर आणि पॅपी तर एकाच बफेलो ट्रेस डिस्टिलरीतल्या, एकाच धान्य-मिश्रणाच्या. आवडीचा क्रम आधी कागदावर लिहायचा, खुणा मग उघडायच्या. घरी करून बघायचं असेल तर वेलर १२ आणि वेलर अँटिक १०७ हे ६०:४० मिसळून आठवडाभर बाटलीत ठेवा. अमेरिकेतल्या शौकिनांत हा ‘गरिबाचा पॅपी’ प्रसिद्ध आहे. अर्थात हल्ली वेलरही छापील भावात क्वचितच मिळते.

भाव एवढा का

कंपनी सुचवते ती किंमत काही शे डॉलर, फेरविक्रीत मात्र काही हजार. पेनसिल्व्हेनियासारख्या, दारूची दुकानं सरकारच चालवतं अशा राज्यात लॉटरी निघते. इतरत्र दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतो, नाहीतर अव्वाच्या सव्वा भाव लावतो. २०१३ मध्ये बफेलो ट्रेसमधून २० वर्षांच्या पॅपीची ६५ खोकी गायब झाली, तेव्हा हे नाव बातम्यांत गाजलं. पुढे त्या प्रकरणात एक कर्मचारी दोषी ठरला.

जुन्या बाटल्यांना आणखी भाव असतो. व्हॅन विंकलची जुनी बर्बन जिथे बनायची, ती केंटकीतल्या लुईव्हिल शहराजवळची स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी १९९२ मध्ये बंद पडली आणि २००२ पासून व्हॅन विंकलचं काम बफेलो ट्रेसकडे आलं. लेबल जवळपास तेच, आतला माल वेगळ्या डिस्टिलरीचा. विकणारा हा फरक सोयीनुसार सांगतो किंवा गाळतो, म्हणून भरल्याचं साल विचाराच.

एक हिशेब हाताशी ठेवा. ७५० मिलिलिटरमध्ये ३० मिलिलिटरचे २५ स्मॉल. बाटली २००० डॉलरची, तर स्मॉल ८० डॉलरचा. बारने १५० मागितले तरी २००० अडकवण्यापेक्षा ते स्वस्तच.

नकली बाटली

सगळ्यात जास्त फसगत होते ती खऱ्या बाटलीत भरलेल्या खोट्या मालाने. रिकाम्या बाटल्याही पैसे देऊन विकत घेतल्या जातात, त्या याचसाठी. अशा बाटलीचं लेबल खरं, काचेवरचा लेसर कोडही खरा. त्यामुळे कोड जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. मानेवरचं आवरण बघा: सैल फिरतं का, कडेला सुरकुत्या किंवा गोंद आहे का. पातळी मानेच्या खाली बरीच उतरलेली असेल तर बूच गळतंय किंवा कोणीतरी उघडलंय. अमेरिकेत विनापरवाना खाजगी विक्री बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, त्यामुळे फसलात तर दाद मागणं अवघड. केंटकीत मात्र जानेवारी २०१८ पासून परवानाधारक दुकानं आणि बार खाजगी संग्रहातल्या जुन्या बाटल्या विकत घेऊन रीतसर विकू शकतात. आम्ही जातो ते अशाच ठिकाणी.

घेतलीच तर

बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढं अल्कोहोल बूच कुरतडतं. जुनं बूच काढताना तुटू शकतं, म्हणून एक कोरं बूच आणि कॉफीचा फिल्टर जवळ असू द्या. बाटली एक तृतीयांशावर आली की दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, नाहीतर हवेने वास मरतो.

भारतात नेणार असाल तर प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत शुल्क माफ आहे. महाराष्ट्रात बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. विमानात बाटली चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध. ७० टक्क्यांवरचं मद्य विमानात चालत नाही आणि जॉर्ज टी. स्टॅग या कडक बर्बनच्या काही सालांच्या बाटल्या ही रेषा ओलांडतात. त्यामुळे लेबलवरचा प्रूफचा आकडा (अल्कोहोलच्या टक्क्यांच्या दुप्पट) १४० पेक्षा मोठा असेल, तर ती इथेच संपवायची.

टेस्टिंगच्या दिवशी अत्तर, परफ्यूम लावू नका आणि तास-दोन तास आधी मसालेदार खाऊ नका. पासपोर्ट जवळ ठेवा. २१ पूर्ण नसतील तर बारमध्ये दारू मिळणार नाही. गाडी आमचा चालक चालवेल.