लेबलवरची पांढरी रेघ म्हणजे शाई संपली, असं नाही

द्राक्षांचा हंगाम आला की पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये हमखास ऐकू येतं: लेबलवर उभी पांढरी रेघ आली, शाई संपली! अहो, डायरेक्ट थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसतेच. कागदावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा होतो. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) हेडवर, म्हणजे छापणाऱ्या पट्टीवर, दर मिलिमीटरला ८ सूक्ष्म हीटर असतात. प्रिंटरचा कंट्रोल बोर्ड प्रत्येक ओळीचे बिट (कुठला ठिपका काळा, कुठला पांढरा) शिफ्ट रजिस्टरमध्ये एकामागून एक भरतो, लॅच करतो म्हणजे धरून ठेवतो, मग स्ट्रोबचा पल्स देतो, म्हणजे हीटरना क्षणभर वीज देतो. पल्स जितका लांब, तितका ठिपका गडद. हेड तापलं की थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) ते कळवतो आणि बोर्ड पल्स आखूड करतो.

रेघ उमटते ती हीटर जळाल्याने किंवा त्यावर गोंद-धूळ बसल्याने. डार्कनेस (छपाईच्या गडदपणाची सेटिंग) वाढवू नका, त्याने चांगले हीटरही लवकर जातात. प्रिंटर बंद करून हेड गार होऊ द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. रेघ तरी तिथेच राहिली, तर हेड बदलायला झालं.